तंबूत चूल पेटवली की छतातून थेंब पडायचे, ते असं थांबवलं

म्हैसमाळला जानेवारीत थंडी लई असती म्हणून आम्ही कॉटन कॅनव्हासच्या तंबूत धुराड्याची लोखंडी चूल लावतो, पण पहाटे छताला आतून थेंब धरायचे अन् पांघरुणं ओली व्हायची. तंबू गळत नव्हता बघा, आपल्याच श्वासाची अन् चहाच्या आधणाची वाफ गार कापडावर जमायची. मग वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली, समोरच्या बाजूची खालची झालर जरा वर बांधली, बास, कापड सकाळी कोरडं. धुराडं बाहेर जातं तिथं फायबरग्लासचं जाड कापड शिवून घेतलं, तापलेला पाइप कॅनव्हासला टेकू द्यायचाच नाही. अन् कोळशाची उघडी शेगडी आत कधीच नको, कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो, त्याचा अलार्म बसवाच. तंबू घडी घालायच्या आधी उन्हात कडक वाळवा, बुरशी लवकर धरती.