थंडीतला दिल्ली दरवाजा रंगवताना या चुका टाळा

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. एवढं लक्षात ठेवलं तरी थंडीतली निम्मी चित्रं वाचतील. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून, म्हणजे दरवाजाच्या मागून सरकतो. दर्शनी भागावर थेट ऊन पडतच नाही. तरी दर हिवाळ्यात बुरुजांवर पिवळं ऊन चोपडलेली जलरंगचित्रं समोर येतात आणि जीव तुटतो.

आमच्याबरोबर स्केचिंगला येणाऱ्या एका मुलाने असंच चित्र आणलं होतं. धुकं, शेकोटी, शाली पांघरलेली माणसं, सगळं मेहनतीने केलेलं. पण दरवाजावरच्या नगारखान्याच्या खांबांवर तिरकं ऊन आणि माणसांच्या सावल्या मात्र आपल्याकडे येणाऱ्या. विचारलं तेव्हा कळलं, फोटो मे महिन्यातल्या संध्याकाळचा होता. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे झुकून मावळतो, तेव्हा हे ऊन मिळतं. थंडी त्याने घरी बसून घातली होती. त्याला सकाळी आठला पटांगणात उभं केलं. दरवाजा निळसर-जांभळा, सलग गडद, फक्त वरच्या कडेला उजेडाची रेघ. त्याने तिथेच नवा कागद काढला.

मी आकाश फिकट, उबदार ठेवतो. ते वाळलं की अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी मिसळून बुरुज, कमान, नगारखाना एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, उतरवतो. तटाचा खालचा दगड आणि वरची वीट यांतला फरक रंग ओला असतानाच करायचा. फोटो हवाच असेल तर त्याच ऋतूत, त्याच वेळी स्वतः काढलेला घ्या.

धुक्यासाठी पांढरा रंग मिसळू नका, पाणी वाढवा. कमान टोकदार आहे, अर्धगोल नाही. दारावरचे खिळे हत्तींना अडवण्यासाठी होते. ते एकेक काढत बसलात तर सावलीतलं दार कागदावर पुढे येतं. तयार काळा रंग तर डब्यातच राहू द्या.

आणि तो हेअर ड्रायर! गार सकाळी कागद हळू वाळतो, म्हणून नवशिक्यांचा धीर सुटतो आणि ते ड्रायर फिरवतात. वरून कोरडा दिसणारा कागद आतून दमट असतो. त्यावर ओला ब्रश टेकला की रंग मागे ढकलला जातो आणि आकाशात वेडेवाकडे डाग उठतात. ते पुसून जात नाहीत. हाताची पालथी बाजू कागदाला लावून बघा. कोऱ्या कडेपेक्षा रंगवलेला भाग गार लागला, तर थांबा.