गार वरणभात चालेल का?
मार्चएंडला आमच्या शाखेत हिशेब जुळेपर्यंत रात्रीचे ९ वाजतात. मग ठाण्याहून बदलापूर लोकल, तीही उभ्यानेच. घरात पाऊल टाकलं की चपला काढायच्या आधी हात शेवेच्या डब्यात. भूक नसायचीच. साहेब दिवसभर जे बोलले, तेच चावत असायचे मी.

ताणात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं आणि गोड-तळकट हवंसं वाटतं, हे खरं. म्हणून आधी स्वतःला विचारा, आत्ता गार वरणभात चालेल? चालत असेल तर भूक खरी, सरळ पान वाढून घ्या. 'छे, शेवच हवी' असं आलं तर १० मिनिटं थांबा. मी तेवढ्यात ऑफिसचा डबा घासून टाकते.

आणि संध्याकाळी ५ला मूठभर चणे-दाणे, नाहीतर एखादं केळं खाच. दुपारी १ला जेवून थेट रात्री १०, मग कसला आलाय संयम!

फरसाण आणूच नका असं सांगणार नाही. आमच्याकडे सासरे आहेत. फक्त वाटीत काढून, बसून खा. रोजच ताबा सुटत असेल, लपवून खावंसं वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोला. माझं अजून शुक्रवारी हमखास चुकतं.