तालमीत पाठ मातीला लागली तर लागू द्या: नव्या पैलवानांनो, या चुका टाळा

दर हंगामात तेच. निवड चाचणी झाली की पोरगं तोंड पाडून बसतं आणि बाप सगळ्यांना सांगत फिरतो, "तालमीत ह्याला कुणी हलवू शकत नाही हो!" गोम तिथंच आहे.

हलकी जोड शोधणं. संध्याकाळी लढतीला उभं राहताना नव्या पोरांची नजर बघा. जो आपला पट काढेल, म्हणजे पाय धरून खाली घेईल, त्याच्याकडं बघायचंच नाही आणि जो सहज खाली जाईल त्याचा हात आधी धरायचा. तासभर घाम गळतो, डाव लागतात, मन खूश. शिकणं शून्य.

आमच्याकडचं एक पोरगं असंच होतं. अंगानं भरलेलं, ढाक, म्हणजे मान धरून कमरेवरून फेकायचा डाव, तर अशी लावायचं की बघत राहावं. मातीत मान हाताला लागली की कुस्ती निकाली. मग त्याला वाटायला लागलं, ढाकेपलीकडं शिकायचं कशाला? मॅटवरच्या चपळ पोरांशी लढ म्हटलं की नेमका गुडघा दुखायचा. चाचणीत समोर आला एक काटकुळा. त्यानं मान धरूच दिली नाही. कमरेत वाकलेला, कोपरं अंगाशी, आणि सपकन एकेरी पट, एकच पाय धरून. दोन गुण. आमच्या गड्यानं उठून पुन्हा मानेसाठी हात लांब केला. पुन्हा तोच पट, तोच पाय. तिसऱ्यांदा एका पायावर नाचत वर्तुळाबाहेर गेला, आणखी एक गुण. शेवटी पट आणि वरून लागोपाठ दोन भारंदाज, म्हणजे खाली पडलेल्याला कमरेत धरून उलटवणं. गुणांचा फरक दहाच्या वर गेला आणि पहिल्या तीन मिनिटांतच पंचांनी कुस्ती संपवली.

वडील म्हणाले, नशीब. एकाच पायाला पुन्हा पुन्हा हात लागतो त्यात नशीब कुठून आलं? तो पाय पुढं टाकायची खोड तालमीतच दिसली असती, पण ती दाखवणारा जोडीदार यानं कधी घेतलाच नाही.

तेव्हापासून लढतीच्या जोड्या मी पोरांना लावू देत नाही. पहिली लढत हरवणाऱ्याशीच. आणि हरलेल्यानं अंग पुसायच्या आधी जिंकणाऱ्याला विचारायचं, "माझा पाय तुला कधी मोकळा दिसला?" सुरुवातीला लाजतात. विचारायला लागलेली पोरं वर्षभरात ओळखू येत नाहीत.

"आपण मातीतली माणसं, मॅट आपल्याला जमत नाही." गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनाही 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅट नवी होती, नियमही नवे. फ्लायवेट या हलक्या वजनगटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत, वरच्या 57 किलो गटात, ब्राँझ. तिकीटासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. आपल्याला आता तालुक्याला मॅट मिळते आणि तक्रार काय, तर पाय घसरतो.

रोज नवा डाव. रात्री मोबाईलवर बघितला, सकाळी लावायचा, दुपारी विसरायचा. एक पट वर्षभर घोटा.

आदल्या दिवशी वजन तोडणं. पॅरिस ऑलिम्पिकला 2024 मध्ये विनेश फोगाट फायनलच्या सकाळी वजन 100 ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद झाली. तिच्यामागं डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. आणि आमचे पठ्ठे जर्किन घालून, पाणी तोडून, एकट्यानंच पळत सुटतात. वजन जमत नसेल तर वरच्या गटात लढा. हराल, पण पायात जीव तरी असेल.

ताकदीसाठी इंजेक्शन. घेणाऱ्यानं आमच्या तालमीची पायरी चढू नये.

हरलेली कुस्ती न बघणं. जिंकलेल्या कुस्तीचा व्हिडिओ स्टेटसला, हरलेला लगेच डिलीट. वर पंचांना शिव्या. पंच चुकतात, मान्य. पण पंचांची चूक सुधारणं तुमच्या हातात नाही. मी त्याच रात्री व्हिडिओ लावत नाही, डोकं गरम असतं. दुसऱ्या दिवशी खुराक झाल्यावर लावतो, तोही आवाज बंद करून, कारण शूट करणारा मामा सगळा वेळ "मार, मार!" ओरडत असतो आणि ऐन मोक्याला कॅमेरा छताकडं गेलेला असतो. पोरं थेट गुण गेला तिथं व्हिडिओ नेतात. मी दहा सेकंद मागं घ्यायला लावतो. पाय कधी जड पडले, नजर घड्याळाकडं कधी गेली, हात खाली का आले, सगळं तिथं सापडतं.

आणि जे सापडलं त्यावर पुढचे दोन आठवडे फक्त तेवढंच काम. ढाकवाल्या गड्याची ढाक मी लढतीत बंदच केली होती; लावलीस तर शंभर सपाट्या. पहिल्या आठवड्यात लहान पोरांनीही त्याला खाली घेतला. घरच्यांचा फोन आला, पोराचं मन खचतंय म्हणून. मी म्हटलं, उद्या पाठवा, उद्या त्याला दुहेरी पट अडवायला शिकवायचाय.