जुनी ऑटोमॅटिक गिअर नीट बदलत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे बघा

साताऱ्याहून कासला निघालात, यवतेश्वरचा घाट लागला की आरपीएमचा काटा वर पळतो, इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र उचलत नाही. गॅरेजमध्ये गेलं की 'गिअरबॉक्स खोलावा लागेल' असं ऐकायला मिळतं. लगेच हो म्हणू नका.

आधी गाडीत कोणता ऑटोमॅटिक आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. २०१४ च्या सेलेरियोपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटीत (क्लच आणि गिअर यंत्रच बदलतं) नेहमीचाच गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट असते. अशी गाडी चढाला सटकत असेल, म्हणजे इंजिन पळतं पण गाडी उचलत नाही, तर पहिला संशय क्लचप्लेटवर घ्या. पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या, गाड्यांसाठी आहे.

मग लक्षण लिहून काढा. गाडी थंड असताना होतं की गरम झाल्यावर? डी टाकल्या टाकल्या, की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना? 'कधीकधी झटका देते' एवढ्यावर चांगला मिस्त्रीसुद्धा अंदाजच बांधणार.

आता गिअरबॉक्सचं ऑइल. माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं, म्हणून घाई नको. गाडी चालवून गरम करा आणि सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पुन्हा पी वर आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघतात. होंडात मात्र बंद करून लगेच. धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पुन्हा बुडवा, आणि एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लाल, पारदर्शक असेल तर ठीक. काळपट असून जळका वास आला, तर आतल्या प्लेटा जळू लागल्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं, तर रेडिएटरमधून कूलंट आत शिरलंय. गाडी चालवूच नका. पातळी कमी असेल तर गळती शोधा, कारण हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं भरा, 'लाल ते सगळं सारखंच' यावर जाऊ नका. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते; त्यांची पातळी गॅरेजमध्ये बघून घ्या.

डी किंवा आर टाकताच धाडकन आवाज येतो? इंजिनची फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती, तपासा. ब्रेक घट्ट दाबून दुसऱ्या कुणाला बाजूने बॉनेटखाली बघायला सांगा (गाडीच्या पुढे-मागे कुणी नको). डी-आर करताना इंजिन उडी मारत असेल, तर रबर गेलंय.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली, तर ती बहुधा कॉम्प्युटरने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली सोय असते. बॅटरी आणि अर्थिंग बघा, मग गॅरेजमध्ये बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. 'पी०७००' एवढाच कोड आला तर त्याचा अर्थ फक्त 'गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड नोंदलाय' असा. आतला नेमका कोड वाचायला सांगा. सोलेनॉइडचा (ऑइलची वाट उघडबंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) निघाला, तर बऱ्याच गाड्यांत नुसतं चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) उतरवून काम भागतं.

ऑइल योग्य आहे, कोड नाही, तरी सटकते, किंवा चेंबरमध्ये धातूचे तुकडे निघाले, तर मात्र खोलायला द्या. तिथवर गाडी दोरीने ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडवर चढवून न्या.