वासरांना गव्हाणीवर जागा किती द्यावी? मोजायचं कसं, बघायचं काय

चार कालवडी, एक टब आणि त्यात मोजून ओतलेलं बारा लिटर दूध. प्रत्येकीला तीन लिटर मिळालं, असं मी धरून चालले होते. तीन आठवड्यांत तिघी गुबगुबीत झाल्या आणि चौथीच्या, म्हणजे चांदीच्या, बरगड्या मोजता यायला लागल्या. दूध ओतलं की मी बादल्या धुवायला जायचे. एक दिवस थांबून पाहिलं. मोठ्या तिघी टबाला खांदे लावून उभ्या. चांदी मधून मान घालायची, ढुशी खायची आणि मागे सरायची. दुधाचा फेस लागला होता तो फक्त तिच्या नाकाच्या शेंड्याला, आणि तोवर टब कोरडा.

म्हणून टेप हातात घ्यायच्या आधी एक काम करा. दूध किंवा खुराक दिल्यावर दहा मिनिटं तिथून हलू नका. कोण कोणाला रेटतं, कोण मागे उभं राहतं, ते पुन्हा किती वेळा पुढे येतं, हे बघा. तीन-चार वेळा ढुशी खाल्लेलं वासरू पुढे पुढे यायचंच सोडून देतं. ते शांत दिसतं, आणि आपण त्याला गरीब स्वभावाचं म्हणतो.

आता मोजा. लहान वासराला गव्हाणीची ४० ते ५० सें.मी. लांबी लागते, अशी आपल्याकडची शिफारस आहे. मी सरळ दीड फूट धरते, म्हणजे सहा वासरांना नऊ फूट. मोजताना कोपरा सोडून द्या. तिथे दोन बाजूंची तोंडं एकमेकांना अडतात आणि दांडगं वासरू तो एकटंच अडवून बसतं.

जागा कमी असली तरी पाळीपाळीनं खातील, हा हिशेब वासरांत चालत नाही. एकीनं तोंड घातलं की बाकीच्या उठून येतात, हा कळपाचा स्वभावच आहे. मागे पडलेलीची पाळी येईपर्यंत गव्हाणीत भुसकट आणि लाळ उरलेली असते.

दुधाला तर सामाईक भांडं नकोच. प्रत्येकाला आपापली निपलची बादली द्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २००४ सालच्या अभ्यासात गटातल्या वासरांना जास्त निपल दिल्यावर ढकलाढकली घटली, वासरं जास्त वेळ प्यायली आणि दूधही जास्त पोटात गेलं. दोन बादल्यांच्या मध्ये खांद्यापर्यंत येईल अशी फळी ठोका. नुसत्या डोक्याएवढ्या फळीचा उपयोग कमी, बाजूनं ढुशी बसतेच.

उघड्या बादलीतलं दूध मिनिट-दोन मिनिटांत संपतं, पण लुचायची ओढ त्यानंतरही दहाएक मिनिटं राहते. मग शेजारणीचा कान, बेंबी, सड, जे सापडेल ते तोंडात जातं. चांदीचा डावा कान रोज ओला असायचा. मला वाटायचं, पाणी पिताना बुडवते. बेंबी चोखली तर ती सुजू शकते, आणि सड चोखायची खोड लागली तर पुढे कासेला त्रास होऊ शकतो. त्यामुळे दूध संपलं तरी निपल लगेच काढू नका. काढल्यावर तोंड पुसा आणि जिभेवर चिमूटभर काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासरांचा कोरडा खुराक, ठेवा.

गट करताना वयात दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त फरक नको. आठवड्याचं वासरू दोन महिन्यांच्या कालवडीपुढे टिकत नाही, जागा कितीही द्या. खुराकाची भांडी दोन टोकांना ठेवा, म्हणजे एका ठिकाणाहून हाकललेल्याला दुसरीकडे जाता येतं. पाण्याचंही तसंच.

दूध तोडताना मात्र घाई नको. वासरू सलग तीन दिवस रोज किलोभर स्टार्टर खायला लागलं की दूध कमी करत आणावं. पण सहा वासरांत सहा किलो संपला म्हणजे प्रत्येकानं किलो खाल्ला असं होत नाही. दोघं दीड-दीड किलो खातात आणि एखादं पावशेरावर राहतं. दूध तोडल्यावर तेच आधी खंगतं. म्हणून दोन दिवस एकेकाला वेगळं बांधून खुराक मोजा.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या छातीचा घेर टेपनं घेऊन वहीत लिहा. सगळ्यांचा वाढला आणि एकाचाच अडला असेल, तर जंत आणि हगवण आहे का ते डॉक्टरांना दाखवा, आणि त्याच दिवशी पुन्हा दहा मिनिटं गव्हाणीपाशी उभं राहा.