बीआरटीच्या कामावर रुजू होताना: पुणे–पिंपरी-चिंचवडमधून शिकलेलं

सिव्हिल शिकून आलेली मुलंमुली बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका राखलेल्या जलद बससेवेच्या, प्रकल्पावर येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात रस्ता असतो: किती रुंद, काँक्रीट किती जाड, दुभाजक कुठे, पावसाळी गटार कुठून. ते सगळं लागतंच. पण निगडीला थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला बस वेळेवर हवी असते आणि ती पुण्यात मनपाच्या थांब्यापर्यंत न रखडता जायला हवी असते. म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं असतं की ड्रॉइंग उघडण्याआधी वेळापत्रक उघडा.

एक हिशोब कागदावर करून बघा. 20 किलोमीटरचा मार्ग धरा. ताशी 15 किलोमीटरने बस गेली तर जाऊन-येऊन 160 मिनिटं लागतात. दर पाच मिनिटांनी गाडी सोडायची तर 32 बस लागतील. तोच वेग ताशी 20 झाला की फेरी 120 मिनिटांत होते आणि 24 बसमध्ये काम भागतं. आठ बस, त्यांचे चालक-वाहक, इंधन, देखभाल, सगळं वाचतं. किंवा त्याच 32 बस पावणेचार मिनिटांनी सोडता येतात. स्वतंत्र मार्गिका बांधायची ती यासाठी. हा हिशोब एकदा अंगात भिनला की साइटवरचे बरेच निर्णय आपोआप सोपे होतात, कारण प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न एकच उरतो: यामुळे फेरीची किती मिनिटं वाचणार?

आपल्याकडे या कामाला मोठा इतिहास आहे. कात्रज–स्वारगेट–हडपसर ही देशातली पहिली प्रायोगिक मार्गिका 2006 च्या अखेरीस सुरू झाली. पुढच्या वर्षी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र येऊन पीएमपीएमएल ही एकच बस कंपनी झाली. अहमदाबादची जनमार्ग सेवा 2009 मध्ये आली. आपल्याकडची रेनबो बीआरटी 2015 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात संगमवाडी–विश्रांतवाडी आणि औंध–रावेत या मार्गांपासून सुरू झाली. म्हणजे दोन महापालिकांनी रस्ते बांधायचे आणि तिसऱ्याच कंपनीने बस चालवायच्या, अशी इथली रचना आहे. प्रादेशिक जाळ्याचं काम शिकायला इतकी चांगली जागा क्वचित मिळेल, कारण इथे प्रत्येक अडचण हद्दीवर उभी राहते.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण दापोडी आणि बोपोडीमधल्या, मुळेवरच्या हॅरिस पुलाचं. जुन्या पुणे–मुंबई महामार्गावर निगडीपासून दापोडीपर्यंत सुमारे 12 किलोमीटरची मार्गिका आहे. रस्ता 61 मीटर रुंद, जागेला तोटा नाही. मुळा ओलांडली की बोपोडी, खडकी. तिथे पुणे महापालिकेची हद्द, त्याला लागून खडकी कॅन्टोन्मेंट आणि संरक्षण खात्याच्या जमिनी. रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं होतं. त्यामुळे मार्गिकेत वाचवलेली मिनिटं बस पुलापलीकडे हरवून बसत असे. दापोडी–निगडी मार्गिका बांधून झाल्यावरही बराच काळ बंद होती. सुरक्षिततेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर ऑगस्ट 2018 मध्ये तिच्यावरून बस धावू लागल्या. मला वाटतं, प्रादेशिक जाळं आखताना सुरुवात अशा अडलेल्या तुकड्यापासून करायला हवी. मोकळ्या रुंद रस्त्यावर बसला मार्गिकेची गरज कमी असते आणि कोंडीच्या अरुंद रस्त्यावर ती सर्वांत जास्त असते, पण बांधकाम नेहमी मोकळ्या रस्त्यावर आधी होतं. जमिनीचा प्रस्ताव, कॅन्टोन्मेंटशी पत्रव्यवहार, संरक्षण खात्याची परवानगी ही कामं पहिल्या दिवशी हातात घ्या. नकाशावर हद्दीच्या रेषा लाल रंगाने ठळक काढून भिंतीवर लावा.

दुसरी हद्द चौकात असते. मार्गिका मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंनी इतर वाहतूक, आणि उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांना मार्गिका ओलांडायचीच असते. चारही बाजूंना पाळीपाळीने 40 सेकंदांचा हिरवा दिला तर सिग्नलचं एक पूर्ण चक्र 160 सेकंदांचं होतं आणि दुर्दैवी बस दोन मिनिटं थांबते. उजवं वळण बंद करून पुढे यू-टर्न दिला तर दोन पाळ्यांत, समजा 90 सेकंदांत, चक्र पूर्ण होतं आणि थांबणं पाऊण मिनिटाच्या आत येतं. दिल्लीची आंबेडकरनगर–मूलचंद मार्गिका 2008 मध्ये सुरू झाली आणि 2016 मध्ये उखडली गेली, त्यात चिराग दिल्लीच्या चौकातल्या लांबलचक सिग्नलचा वाटा मोठा होता. चौकाचा आराखडा करताना वाहतूक पोलिसांना सुरुवातीपासून टेबलावर बसवा. सिग्नल शेवटी त्यांच्या ताब्यात असतो. सकाळी नऊ ते अकरा चौकात उभं राहून हाताने मोजणी करा. सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं. रिक्षा कुठून घुसते, शाळेची व्हॅन कुठे थांबते, ग्रामीण भागातून येणारी एसटी कुठे माणसं उतरवते हे मात्र चौकातच कळतं.

आता स्टेशन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बीआरटीचा जीव स्टेशनात आहे. गर्दीच्या तासाला एका दिशेने 60 बस येतात असं धरा. प्रत्येक बस 25 सेकंद थांबली तर तासाच्या 3600 पैकी 1500 सेकंद बस उभी राहण्याची जागा अडलेली. म्हणजे 42 टक्के. साधारण 40 टक्क्यांच्या पुढे गेलं की मागे बसची रांग लागायला लागते. फलाट आणि बसचा तळ एका पातळीवर असला, दारं रुंद असली, तिकीट स्टेशनातच निघालं, तर थांबणं 15 सेकंदांवर येतं आणि जागा फक्त 25 टक्के वेळ अडते. रस्त्यात एक इंचही वाढ न करता क्षमता वाढते ती इथे.

रेनबोच्या स्टेशनांत फलाटाची उंची सुमारे 900 मिलिमीटर आहे. आपल्या बस मार्गिकेबाहेरही धावतात, म्हणून त्यांना दोन्ही बाजूंना दारं लागली: मधल्या स्टेशनासाठी उजवीकडे, साध्या थांब्यासाठी डावीकडे. हा निर्णय झाला की स्टेशनच्या रचनेपासून बसच्या निविदेपर्यंत सगळं त्याला बांधलं जातं. म्हणून बसखरेदीचं आणि स्टेशनबांधणीचं वेळापत्रक एकाच तक्त्यात ठेवा. स्टेशन तयार आणि बस नाहीत, किंवा बस आल्या आणि फलाट नाही, अशी वेळ आली की बांधलेली वास्तू वापराविना खराब होते आणि लोकांचा विश्वास त्याहून लवकर जातो.

स्टेशन कधीही वळणावर घेऊ नका. 12 मीटरची सरळ बस वळणाच्या फलाटाला चिकटू शकत नाही, एका दाराशी फट राहतेच. मार्गिकेचा आडवा उतार स्टेशनपाशी तपासा, कारण बस एका बाजूला कलली की फटही बदलते. बस उभी राहते तिथे डांबर नको, काँक्रीटच हवं. जड चाकं रोज त्याच जागी ब्रेक मारतात आणि डांबरात खोल चाकोऱ्या पडतात. एक गोष्ट मी प्रत्येक नव्या इंजिनिअरकडून वहीत लिहून घेते: स्टेशनालगतच्या मार्गिकेवर कधीही वरून डांबराचा थर देऊ देऊ नका. 50 मिलिमीटरचा थर चढला की रस्ता वर येतो, बस वर येते, आणि फलाट तितकाच खाली राहतो. दोन वर्षांनी रस्ता दुरुस्तीचं कंत्राट वेगळ्या खात्याकडून निघतं, त्यांना हे माहीत नसतं. आधी जुना थर खरवडून काढण्याची अट देखभालीच्या कागदपत्रात स्पष्ट लिहा. व्हीलचेअरवरचा प्रवासी बसमध्ये एकट्याने चढू शकतो की नाही, हे या पन्नास मिलिमीटरवर ठरतं.

स्टेशन मधोमध म्हणजे प्रत्येक प्रवासी रस्ता ओलांडणार. साडेदहा मीटर ओलांडायला धडधाकट माणसाला नऊ सेकंद लागतात, काठी टेकत जाणाऱ्या आजींना तेरा-चौदा. पादचारी सिग्नलची वेळ आजींच्या चालीने ठरवा. हे ओलांडणं सुरक्षित नसेल तर मार्गिका सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. सुरक्षा तपासणी आराखड्याच्या टप्प्यावर एकदा आणि उद्घाटनाआधी एकदा, अशी दोनदा करून घ्या.

प्रत्यक्ष खोदाई सुरू झाली की जमिनीखालचं जग वर येतं. जलवाहिनी, ड्रेनेज, महावितरणच्या केबल, गॅसची पाइपलाइन, टेलिफोन, आणि कुणाच्याच नकाशावर नसलेलं काहीतरी. खात्यांकडून नकाशे मागवा, पण दर ठरावीक अंतरावर हाताने चाचणी खड्डे घेतल्याशिवाय त्यांवर विसंबू नका. पाणीपुरवठा विभागातला चावीवाला गाठा. वीस-पंचवीस वर्षं त्याच भागात व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला वाहिनी कुठे वळते ते तोंडपाठ असतं. झाडांची मोजणीही लगेच करून घ्या. 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि तिला वेळ जातो. शक्य तिथे रेषा हलवून झाड वाचवा, थांब्याला सावली आयती मिळते.

कामाचं कॅलेंडर इथलं असलं पाहिजे. पावसाळ्यात खोदाईवर बंदी येते. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते, आकुर्डीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी जुन्या महामार्गाने दापोडी ओलांडून पुण्यात येते. त्या दिवशी रस्त्यावर एक खड्डा, एक उघडा गज, एक ढिगारा चालणार नाही. अनवाणी चालणारे लाखो पाय तिथून जाणार असतात. पालखीच्या आधी रस्ता साफ करून देण्याची तारीख कंत्राटाच्या कार्यक्रमातच घाला, आयत्या वेळच्या पत्रावर सोडू नका. गणपती, दहावी-बारावीच्या परीक्षा यांचंही तसंच.

रस्ता अर्ध्या-अर्ध्या रुंदीत करावा लागतो, वाहतूक चालू ठेवून. बॅरिकेड, रात्रीचे दिवे, पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट यासाठी आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेसचं) एसपी 55 हे मार्गदर्शक जवळ ठेवा, आणि बीआरटीच्या एकूण रचनेसाठी आयआरसी 124. काँक्रीट ओतल्यावर सांधे वेळेत कापले नाहीत तर ते आपल्या मर्जीने तडकतं, म्हणून रात्री कापणीयंत्र आणि ते चालवणारा माणूस साइटवर आहे ना हे स्वतः बघा. पाणी मारणं थांबू देऊ नका. कंत्राटदार घाई करील, नगरसेवक घाई करतील, मजबुती यायला लागणारे दिवस मात्र तेवढेच राहतात.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. मोजमाप पुस्तकातली नोंद त्याच दिवशी. अडथळ्यांच्या नोंदवहीत कुठली केबल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आडवी आली ते लिहा, फोटोसह. मुदतवाढीचा आणि भाववाढीचा वाद आला की हीच वही बोलते. दुकानदारांशी भांडण टाळण्याचा एकच मार्ग मला सापडला आहे: त्यांच्या दारासमोर काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार याची तारीख आधी सांगायची, आणि ती हुकली तर स्वतः जाऊन नवी सांगायची.

शिकायचं कुठे, हे खूप जण विचारतात. सिव्हिलनंतर वाहतूक अभियांत्रिकी किंवा नियोजनात पदव्युत्तर शिक्षण घेतलंत तर उत्तम. आयआयटी मुंबई, नागपूरचं व्हीएनआयटी, अहमदाबादचं सेप्ट, दिल्लीचं एसपीए हे चांगले पर्याय आहेत. पण नियोजनाकडे जायचं असलं तरी आधी दोन वर्षं साइटवर काढा. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात एखाद्या बसमार्गाचे थांबे आणि तिथली प्रवाशांची चढ-उतार स्वतः मांडून बघा. मुलाखतीत असा एक नकाशा पाच प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

उद्घाटनाच्या आधी किमान काही आठवडे रिकाम्या बस चालवून बघा. चालकांना फलाटाला बस लावण्याचा सराव तिथेच द्या, आणि फट जिथे जास्त राहते ती स्टेशनं वेगळी नोंदवा. मार्गिकेत दुचाकी घुसतातच, त्यासाठी वॉर्डनची नेमणूक आणि त्यांच्या पगाराची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी. सरकते दरवाजे, दिवे, सीसीटीव्ही, स्वच्छता यांची देखभाल कोण करणार, महापालिका की पीएमपीएमएल, हे स्टेशन ताब्यात देतानाच्या कागदावर सही-शिक्क्यासह लिहिलेलं असू द्या. नगर रस्त्यावरची मार्गिका 2016 मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच तिचे भाग काढून टाकले गेले. जे टिकवायचं आहे त्याचा देखभालखर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकाशेजारीच मांडा आणि दोन्ही महापालिकांच्या स्थायी समितीकडून एकाच वेळी मंजूर करून घ्या.