मेडिकल पेपर पब्लिश करताय? या चुका टाळा

थिसिस जमा करायची तारीख जवळ आली किंवा प्रमोशनचा फॉर्म निघाला की सगळ्यांना पेपर आठवतो, आणि नेमका तेव्हाच मेल येतो, 'डिअर एमिनंट प्रोफेसर'. तुम्ही ऑर्थोचे सेकंड इयर रेसिडेंट आणि आमंत्रण एखाद्या गायनॅकच्या किंवा चक्क शेतीच्या जर्नलचं! 72 तासांत ॲक्सेप्टन्स, 5 दिवसांत पब्लिकेशन, आणि फीमध्ये फक्त आजच्या दिवसापुरती सवलत. हसू येतं खरं, पण घाई असली की चांगली शहाणी माणसंही तिथे पैसे भरतात. आता जर्नल, सबमिशन, रिव्ह्यू सगळं ऑनलाइन झाल्यामुळे सोय तर झालीच, पण तेवढीच फसवायचीही सोय झाली. त्यामुळे नव्या मंडळींच्या हातून नेहमी होणाऱ्या गडबडी आणि त्यावर काय करायचं ते सांगतो.

पेपर लिहून झाल्यावर जर्नल शोधणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घाईत शोधलं की जे पहिलं 'हो' म्हणेल ते जर्नल आपलं होतं. वेबसाइटवर आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) असतो, डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) मिळेल म्हणतात, गूगल स्कॉलरवर दिसेल म्हणतात, आणि आपल्याला वाटतं झालं, अस्सल आहे. अहो, आयएसएसएन म्हणजे गाडीची नंबर प्लेट, त्यावरून इंजिन चांगलं आहे की नाही ते कळत नाही. गूगल स्कॉलर तर जवळपास काहीही उचलतं. आणि 'ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर' किंवा तसलं भारदस्त नाव दिसलं तर लगेच सावध व्हा, कारण आपण ज्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतो (जर्नलमधल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती उल्लेख होतो तो आकडा) तो क्लॅरिव्हेट कंपनी दरवर्षी काढते, बाकीचे आकडे कोणीही घरबसल्या बनवू शकतं.

हा धंदा किती मोठा आहे ते बघायचं तर आपल्या हैदराबादच्या ओमिक्स या जर्नल्स काढणाऱ्या कंपनीची केस बघा. लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल 2019 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने तिला 5 कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली होती.

यातला सगळ्यात चतुर प्रकार म्हणजे जर्नल खरं, पण साइट खोटी. जुन्या नावाजलेल्या जर्नलचं नाव, आयएसएसएन, कव्हर सगळं उचलून डुप्लिकेट वेबसाइट बनवतात आणि फी तिथे घेतात. म्हणून मेलमधल्या लिंकवरून कधीच सबमिट करू नका. स्कोपस या डेटाबेसच्या फुकट सोर्स लिस्टमध्ये किंवा डीओएजेमध्ये (फुकट वाचता येणाऱ्या जर्नल्सची तपासलेली यादी) जर्नल शोधा आणि तिथून त्याच्या साइटवर जा. स्कोपसमध्ये 'डिसकंटिन्यूड' लिहिलंय का तेही बघून घ्या, कारण काढून टाकलेली जर्नल्स जुनी शेखी वर्षानुवर्षं मिरवत असतात. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची हायजॅक्ड, म्हणजे अशी नक्कल झालेल्या, जर्नल्सची यादीही फुकट आहे. हे सगळं बघणं चहा गार व्हायच्या आत होतं.

'पबमेड इंडेक्स्ड' म्हणजे नक्की काय ते न विचारणं

इथे भलेभले एचओडीसुद्धा गोंधळतात. पबमेड हे मेडिकल पेपर ऑनलाइन शोधायचं ठिकाण आहे. त्यात मेडलाइन येतं, ज्यात जर्नल तपासून, निवडून घेतात, आणि पीएमसी येतं, जे फुल टेक्स्ट पेपरचं फुकट कोठार आहे. आता गंमत अशी की एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेच्या पैशातून संशोधन केलं असेल तर तो पेपर पीएमसीमध्ये ठेवावाच लागतो, म्हणजे एखाद्या सुमार जर्नलमध्ये तसे दोन-चार पेपर आले की ते पबमेडवर दिसायला लागतात आणि जर्नलवाला छाती फुगवून बॅनर लावतो, 'पबमेड इंडेक्स्ड'. उपाय सोपा आहे, पबमेड चालवणाऱ्या अमेरिकन लायब्ररीच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका आणि ते आत्ता मेडलाइनमध्ये आहे असं तिथे लिहिलंय का ते बघा.

प्रमोशनसाठी कुठलं इंडेक्सिंग, म्हणजे कुठल्या डेटाबेसमधलं जर्नल, चालतं हा प्रश्न सीनियरला विचारू नका, कारण त्यांच्या वेळचे नियम वेगळे होते. 2015 मध्ये एमसीआयच्या, म्हणजे जुन्या मेडिकल कौन्सिलच्या, यादीत इंडेक्स कोपर्निकस हा डेटाबेस होता, 2020 च्या बदलात तो गेला आणि डीओएजे आलं. यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर लिस्ट तर फेब्रुवारी 2025 मध्ये बंदच झाली, तरी त्या शिक्क्यावर पेपर मागवणारे अजून आहेत. एमसीआयच्या जागी आलेल्या एनएमसीचं सध्याचं नोटिफिकेशन स्वतः उघडा आणि पेपरचा कुठला प्रकार चालतो, लेखकांच्या यादीत तुमचं नाव कितवं लागतं, हेही त्यातच बघा.

एथिक्स आणि रजिस्ट्रेशन 'नंतर बघू'

नंतर काही होत नाही. एथिक्स कमिटी मागच्या तारखेने परवानगी देत नाही आणि देऊही नये. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) 1 एप्रिल 2018 पासून फक्त आधीच रजिस्ट्रेशन करता येतं, पहिला पेशंट घेतल्यावर गेलात तर दार बंद. मग दोन वर्षांचा डेटा हातात असूनही चांगलं जर्नल दारात उभं करत नाही आणि माणूस नाइलाजाने परत त्या 72 तासवाल्यांकडे वळतो.

केस रिपोर्टला पेशंटची लेखी संमती लागते, आणि ती प्रकाशनासाठी वेगळी, ऑपरेशनच्या संमतीवर भागत नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे ओळख लपली, ही समजूत अजून चालू आहे, मेडिकल जर्नल्सच्या एडिटरांची समिती आयसीएमजेई स्पष्ट म्हणते की ते पुरेसं नाही. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव आणि नंबरही काढा. आणि एक विनंती, फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवू नका, साइज इतका कमी होतो की जर्नल 300 डीपीआय मागतं तेव्हा हातात धूसर ठिपके उरतात. मूळ फाइल पहिल्या दिवसापासून ड्राइव्हवर ठेवा.

एआयला रेफरन्स मागणं

इंग्रजी सुधारायला एआय वापरा, माझी काही हरकत नाही, उलट मराठी मीडियमच्या पोरांना पहिल्यांदा बरोबरीची संधी मिळतेय. बहुतेक जर्नल्स फक्त वापरलं ते सांगा म्हणतात, एआयला लेखक मात्र करता येत नाही. भानगड होते रेफरन्समध्ये, एआय ते मनानेच रचून देतं. लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष पटण्यासारखं, आणि असा पेपर जन्मालाच आलेला नाही! प्रत्येक रेफरन्सचा डीओआय उघडून बघा, झोटेरोसारखं रेफरन्स सांभाळणारं फुकट सॉफ्टवेअर वापरलं तर अर्धं काम आपोआप होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये फ्रंटियर्सच्या एका जर्नलमध्ये एआयने काढलेलं उंदराचं अचाट चित्र छापून आलं, रिव्ह्यूमधून सुटलं पण सोशल मीडियावर जगभर हसं झालं आणि पेपर काही दिवसांत मागे घ्यावा लागला.

नाव फुकट घेणं, फुकट देणं

सरांचं नाव घालावंच लागतं, ठीक आहे, पण सरांनी डेटा निदान बघावा तरी. 2020 मध्ये लॅन्सेट या नामांकित जर्नलमधला, कोविडमध्ये दिलेल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन औषधावरचा पेपर दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला गेला. डेटा सर्जिस्फिअर कंपनीचा होता, तिने तो स्वतंत्र तपासणीला दिला नाही, आणि त्याची खात्री देता येत नाही असं मग सहलेखकांनाच सांगावं लागलं.

पैसे नाहीत म्हणून गप्प बसणं

ओपन ॲक्सेसची, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकाने भरायची, फी ऐकून घाम फुटतो हे खरं, आणि रिसर्च फॉर लाइफ या गरीब देशांसाठीच्या योजनेची सवलत भारताला लागू नाही. पण फी न घेणारी चांगली जर्नल्स आहेत की. डीओएजेमध्ये 'फी नाही' असा फिल्टर लावता येतो, मुंबईहून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स लेखकांकडून पैसे घेत नाही. वाचायला पेपर मिळत नाहीत हे रडगाणंही आता सरकारी कॉलेजात चालणार नाही, 1 जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेत जवळपास 13,000 जर्नल्स उघडली आहेत, लायब्ररीत जाऊन विचारा. खासगी कॉलेजवाल्यांना मात्र यात जागा नाही, ते मला पटत नाही.

प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यूच्या आधीच पेपर ऑनलाइन टाकणं, हीसुद्धा एक संधी आहे, त्यासाठीची मेडआर्काइव्ह ही साइट 2019 पासून चालू आहे आणि काम लवकर लोकांसमोर येतं. फक्त तिथे केस रिपोर्ट घेत नाहीत, आणि तुमच्या जर्नलला प्रीप्रिंट चालतं का ते आधी बघा.

आधीच अडकलात तर

पेपर बोगस जर्नलकडे गेलाय, फी भरलेली नाही, कॉपीराइट फॉर्म दिलेला नाही, तर आज मेल करून पेपर मागे घेतो असं लेखी कळवा आणि मेल जपून ठेवा. ते विथड्रॉवल फी मागतील, धमक्याही येतील, पैसे देऊ नका. मात्र हे न करता तोच पेपर दुसरीकडे पाठवला तर डुप्लिकेट सबमिशन ठरतं, म्हणून नव्या एडिटरला कव्हर लेटरमध्ये झालेला प्रकार दोन ओळींत सांगून टाका. पेपर छापूनच आला असेल तर तो दुसरीकडे नवा म्हणून छापता येत नाही, तिथे फार काही करता येत नाही.

आणि चांगल्या जर्नलने रिजेक्ट केलं असेल तर रिव्ह्यूअरचे शेरे वाचून दुरुस्त्या करा, मगच पुढे पाठवा, कारण विषय छोटा असला की तोच रिव्ह्यूअर दुसऱ्या जर्नलकडूनही भेटतो आणि त्याला आपला पेपर बरोबर आठवतो. पाठवायच्या आधी कव्हर लेटरवरचं जुन्या जर्नलचं नाव तेवढं बदला!